नातीच्या हाती खेळाडूचे आत्मचरित्र देताना

गेल्या पावसाळ्यातील ही गोष्ट. दर महिन्याला रक्तदाब तपासून घेण्यासाठी येणारे एक निवृत्त गुरुजी त्या दिवशी सपत्नीक आले होते आणि सोबत त्यांची नात होती. मुलगी पंधरा वर्षांची, शाळेकडून पंधराशे मीटर धावणारी, जिल्हा पातळीपर्यंत पोहोचलेली. गुरुजींनी कापडी पिशवीतून आधी आपली औषधांची डबी काढली आणि मग एक पुस्तक काढून माझ्या टेबलावर ठेवले. मुष्टियोद्धी मेरी कोम हिचे ‘अनब्रेकेबल’ हे आत्मचरित्र. नातीच्या वाढदिवसासाठी त्यांनी ते मागवले होते. शेजारी शब्दकोश घेऊन आधी स्वतः वाचून काढले होते आणि तांबड्या पेन्सिलीने पानोपानी रेघा ओढल्या होत्या.

“बाई, हे हिने वाचलेच पाहिजे,” ते म्हणाले. “किती हालांतून ही मुलगी वर आली! आणि आमचे पोर नडगी दुखते म्हणून आठवडाभर मैदानाकडे फिरकलेले नाही. एखादी चांगलीशी गोळी द्या, म्हणजे रविवारची स्पर्धा निभावेल.”

मुलगी खाली मान घालून बसली होती. मी तिची नडगी तपासली. सगळी नडगी दुखत नव्हती. बोटाने दाबत गेले, तेव्हा एकाच जागी, रुपयाएवढ्या जागेवर, ती कळवळली. मग मुलींना विचारावयाचे नेहमीचे प्रश्न विचारले आणि त्यात मासिक पाळीचा प्रश्न आला. उत्तर आजींनी दिले. “चार महिने झाले, आलेली नाही. तेवढीच कटकट नाही हो. खेळणाऱ्या मुलींचे असेच असते म्हणतात.”

हे वाक्य ऐकून मी क्षणभर थांबले, कारण सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी हेच वाक्य मी स्वतः उच्चारले होते. दवाखाना सुरू करून जेमतेम दोन वर्षे झाली होती. लांब पल्ल्याची शर्यत धावणारी एक मुलगी आईबरोबर आली. सहा महिने पाळी नव्हती. मी तिचे पोट तपासले, रक्तवाढीचे औषध लिहून दिले आणि आईला म्हणाले, खेळणाऱ्या मुलींचे असे होते, सराव कमी झाला की येईल आपोआप. आई निश्चिंत होऊन गेली. पुढच्या हिवाळ्यात साध्या सरावात, कोणाचा धक्का नाही, खड्डा नाही, असे असताना त्या मुलीचे नडगीचे हाड मोडले. तिचे धावणे तेथेच संपले. माझ्या एका वाक्यामुळेच हे घडले, असे म्हणता येणार नाही. पण त्या दिवशी मी आणखी दोन प्रश्न विचारले असते, तर कदाचित निराळे घडले असते. ती आज आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडेच येते. तिने मला कधी दोष दिलेला नाही. त्याने माझे ओझे हलके होत नाही.

आता थोडे शरीराविषयी. आपण जे खातो त्यातून मिळणारी ऊर्जा शरीर निरनिराळ्या खात्यांवर खर्च करते. हृदय, श्वास, मेंदू हे खर्च टाळता येत नाहीत. धावणाऱ्या मुलीचा मोठा हिस्सा धावण्यात जातो. उरलेली शिल्लक फारच कमी पडली, तर शरीर काटकसरी गृहिणीसारखे वागते आणि आज अडणार नाही तो खर्च पुढे ढकलते. पाळी हा त्यातला पहिल्या काही खर्चांपैकी एक. मेंदूकडून बीजकोशांना जाणारा इशारा मंदावतो, इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते. आणि हेच संप्रेरक हाडांचेही राखणदार असते, ही गोष्ट रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेल्या आमच्या वाचक भगिनींना निराळी सांगावयास नको. म्हणजे साठीतल्या आजीच्या हाडांचे जे होते, तेच उपाशीपोटी धावणाऱ्या पंधरा वर्षांच्या नातीच्या हाडांचे होऊ शकते. त्यातही दुःखाची बाब अशी की, आयुष्यभर पुरावयाच्या हाडांच्या ठेवीचा फार मोठा भाग विसाव्या वर्षाच्या आतच जमा होत असतो. त्या वयात राहिलेली तूट पुढे पूर्णपणे भरून निघेलच, याची खात्री नसते. या सर्व प्रकाराला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये ‘खेळाडूंमधील सापेक्ष ऊर्जान्यूनता’ अशा अर्थाचे नाव दिले. त्याआधीही अपुरा आहार, थांबलेली पाळी आणि दुबळे हाड या तिघांची जोडणी वैद्यकाला ठाऊक होती. मला ती पुस्तकात ठाऊक होती, समोर बसलेल्या मुलीत दिसली नाही.

मग गुरुजींनी आणलेले पुस्तक चुकीचे होते काय? मुळीच नाही. अशी पुस्तके मुलींच्या हाती पडली पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. आणि त्यामागे माझ्या व्यवसायाविषयीची थोडी लाजही आहे. १९२८ साली ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रिया प्रथमच आठशे मीटर धावल्या. शर्यतीनंतर त्या दमलेल्या दिसल्या, एवढ्यावरून हे अंतर त्यांच्या नाजूक प्रकृतीला झेपणारे नाही, असा गहजब झाला आणि ही शर्यत १९६० पर्यंत ऑलिंपिकमधून बंद राहिली. बत्तीस वर्षे! त्या काळी लांब धावल्याने गर्भाशय खाली सरकेल, मूल होणार नाही, अशी भीती मुलींना घातली जाई, आणि ती घालणाऱ्यांत शिकलेली माणसे कमी नव्हती.

कॅथरिन स्वित्झर या अमेरिकी धावपटूने ‘मॅरेथॉन वुमन’ या आपल्या आत्मकथनात या काळाचे वर्णन केले आहे. १९६७ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये तिने आद्याक्षरांनिशी नाव नोंदवले, त्यामुळे ती स्त्री आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही. तिचा क्रमांक होता २६१. धावताना एका अधिकाऱ्याने तिला पाहिले आणि तिच्या अंगावरील क्रमांकाचा कागद ओढून काढण्यासाठी तो तिच्यामागे धावला. तिच्यासोबत धावणाऱ्या मित्राने त्याला बाजूला ढकलले आणि ती शर्यत पूर्ण करूनच थांबली. बोस्टनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला तो १९७२ मध्ये. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली ती १९८४ मध्ये. आमच्या वाचकांना या कथेचा उत्तरार्ध अधिक आवडेल. २०१७ साली, सत्तर वर्षांच्या वयात, तोच २६१ क्रमांक लावून स्वित्झरबाई बोस्टनची बेचाळीस किलोमीटरांची मॅरेथॉन पुन्हा पूर्ण धावल्या. गुडघेदुखीचे निमित्त सांगून सकाळचे फिरणे टाळणाऱ्या माझ्या काही रुग्णांना मी हे मुद्दाम ऐकवते.

तेव्हा पुस्तके हवीतच. प्रश्न आहे तो आपण रेघा कोठे ओढतो याचा.

गुरुजींच्या परवानगीने मी ते पुस्तक चाळले. तांबड्या रेघा अपेक्षित ठिकाणी होत्या. मणिपूरमधील गरिबी, आईवडिलांबरोबर शेतात केलेले कष्ट. घरी न सांगता शिकलेले मुष्टियुद्ध, आणि २००० साली राज्य स्पर्धा जिंकल्यावर वर्तमानपत्रातील छायाचित्र पाहून वडिलांना लागलेला पत्ता. चेहऱ्याला इजा झाली तर लग्न कसे होणार, ही वडिलांची काळजी. २००७ मध्ये जुळे मुलगे झाल्यावर पुढच्याच वर्षी मिळवलेले जागतिक विजेतेपद. हे सारे खरोखर थोर आहे.

परंतु त्याच आयुष्यातील काही गोष्टींखाली रेघ नव्हती. ती सरावाला जाई तेव्हा मुले कोण सांभाळत असे? तिचा नवरा. घरात एका माणसाने आपला वेळ दिला म्हणून ते पुनरागमन शक्य झाले. दुसरी गोष्ट तर आपल्या विषयाच्या गाभ्याची. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे मुष्टियुद्ध प्रथमच आले, तेव्हा सर्वांत खालचा वजनगट ५१ किलोचा होता. मेरी कोम त्याआधी ४६ आणि ४८ किलोंच्या गटांत लढत असे. म्हणजे ज्या स्पर्धेने तिचे नाव घराघरात पोहोचले, तिच्यासाठी तिला वजन कमी नव्हे, वाढवावे लागले होते. अधिक उंच, अधिक वजनदार मुलींशी झुंजून तिने कांस्यपदक आणले. मी ही गोष्ट नातीला सांगितली तेव्हा तिने त्या भेटीत प्रथमच मान वर केली. “खरंच वाढवलं?” तिने विचारले.

त्या प्रश्नातून पुढचे उलगडले. हलके शरीर वेगाने धावते, असे तिने मोबाइलवर कुठेतरी पाहिले होते. संध्याकाळची भाकरी तिने सोडली होती, दूध सोडले होते, ‘शाळेत खाल्लं’ असे सांगून डबा मैत्रिणीला देत होती. आजींना वाटले, परीक्षेचा ताण असेल. आजोबांना वाटले, पोर शिस्तीची आहे.

अशा वेळी मला पी. टी. उषा आठवते. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. ५५.४१ आणि ५५.४२. आपल्या पिढीला ते दुःख अजून ताजे आहे. पुष्कळ वर्षांनी एका मुलाखतीत तिने सांगितले की, तिथले अन्न घशाखाली उतरत नव्हते, म्हणून ती भाताची पेज आणि लोणचे खाऊन राहत होती आणि शेवटच्या टप्प्यात त्राण उरले नाही. ही कहाणी आपण फार वेळा जिद्दीची म्हणून सांगतो. डॉक्टर म्हणून मला ती पोटभर न मिळालेल्या जेवणाची वाटते.

सानिया मिर्झाचे ‘एस अगेन्स्ट ऑड्स’ हे पुस्तक २०१६ मध्ये आले. वडिलांच्या साहाय्याने तिने ते लिहिले आहे. कारकिर्दीत तिच्यावर दोन्ही गुडघ्यांच्या आणि उजव्या मनगटाच्या शस्त्रक्रिया झाल्या. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मनगटामुळे तिला पहिलाच सामना अर्ध्यावर सोडावा लागला. त्या काळात मनाला आलेल्या खिन्नतेविषयीही ती नंतर मोकळेपणाने बोलली आहे. पुढे शरीराचे ऐकून तिने एकेरी खेळणे थांबवले, दुहेरीवर लक्ष दिले आणि २०१५ मध्ये दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचून विंबल्डन जिंकले. सामना अर्ध्यावर सोडणे, एक प्रकार कायमचा सोडणे, या गोष्टी आपण नातवंडांना ‘प्रेरणा’ म्हणून वाचून दाखवतो का? मला तर त्या सुवर्णपदकाइतक्याच शिकण्यासारख्या वाटतात.

या सर्वांत मला व्यक्तिशः हलवून सोडणारे पुस्तक मात्र लॉरेन फ्लेशमन या अमेरिकी धावपटूचे, ‘गुड फॉर अ गर्ल’, २०२३ मध्ये आलेले. पाच हजार मीटरमध्ये ती दोनदा आपल्या देशाची विजेती ठरली, पण ऑलिंपिकला कधीच जाऊ शकली नाही. वयात येताना मुलीचे नितंब रुंदावतात, अंगावर थोडी चरबी येते आणि त्या काळात तिची वेळ काही दिवस सुधारत नाही, कधी मागेही जाते. हे सर्वस्वी नैसर्गिक आहे. थोडा धीर धरला तर पुढे तीच मुलगी अधिक बलवान होते. परंतु प्रशिक्षणाचे गणित मुलग्यांच्या वाढीवर बेतलेले असते. मुलाचा वेग त्याच वयात झपाट्याने वाढतो, म्हणून मुलीचे काहीतरी चुकते आहे असे सर्वांना वाटते, आणि उपाय सांगितला जातो तो वजन उतरवण्याचा. फ्लेशमनने स्वतः तो उपाय केला. तिची पाळी थांबली, पायाचे हाड मोडले. हे पुस्तक मला माझ्या मुलीने दिले. वाचताना माझ्या डोळ्यांसमोर पंचवीस वर्षांपूर्वीची ती मुलगी होती. पदकाची गोष्ट नसलेले आत्मचरित्र मुलींना कशाला द्यावयाचे, असे कोणी म्हणेल. माझे मत नेमके उलट आहे.

आणखी एका पुस्तकाचा उल्लेख थोडक्यात करते, कारण तो टाळणे भित्रेपणाचे होईल. रिओ ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या साक्षी मलिकच्या ‘विटनेस’ या २०२४ च्या आत्मकथनात लहानपणी शिकवणीच्या शिक्षकाकडून झालेल्या लैंगिक छळाचा उल्लेख आहे आणि ती गोष्ट तेव्हा घरी सांगता आली नव्हती, हेही आहे. तिचे आजोबा पैलवान होते. कुस्तीची ओढ तिला त्यांच्याकडे पाहूनच लागली, असे तिच्या वडिलांनी सांगितले आहे. नातींवर आजीआजोबांचा केवढा प्रभाव असतो! पण जिचा आदर्श घरातच होता, तिलाही हे सांगता आले नाही. नातीला मैदानावर सोडण्या-आणण्याचे काम पुष्कळ घरांत आजोबांकडे असते. एखादे दिवशी ती विनाकारण ‘नको जायला’ म्हणाली, तर आळसाचे प्रवचन देण्याआधी शेजारी बसावे.

आपल्या घरी काय करावयाचे? मुख्य सत्ता स्वयंपाकघरात आहे आणि ती बहुधा आजींच्या हाती असते. धावणाऱ्या मुलीला घरातील बैठ्या माणसापेक्षा बरेच अधिक खावे लागते, आणि वेळेवर. सकाळी सरावाला जाताना केळे किंवा खजूर, परतल्यावर तासाभरात पोटभर न्याहारी. भाकरी, भात ‘जाडी करतात’ म्हणून काढून टाकू नयेत. तिचे इंधन तेच आहे. उसळी, ताक, नाचणी, तीळ, शेंगदाण्याचा लाडू, चालत असेल तर अंडी आणि मासे. पालेभाजीवर आणि उसळीवर लिंबू पिळावे, जेवणाबरोबरचा चहा मात्र तासभर पुढे ढकलावा, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत आपल्या देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. ‘हल्ली दम लागतो’ असे धावणारी मुलगी म्हणते, तेव्हा तिची जिद्द तपासण्याआधी हिमोग्लोबिन तपासावे.

पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षे ती मागेपुढे होते, हे खरे. पण तीन महिन्यांहून अधिक खंड पडला, किंवा पंधरावे वर्ष पूर्ण होऊनही पाळी सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. कारण प्रत्येक वेळी अपुरा आहारच असेल असे नाही. थायरॉईड असू शकते, बीजकोशांचा विकार असू शकतो. ‘खेळते म्हणून’ हे निदान नव्हे.

आणि दुखण्याविषयी. सरावानंतर मांड्या-पोटऱ्या दोन दिवस ठणकणे वेगळे. एकाच जागी, हाडावर, धावताना वाढत जाणारे, पुढे रात्रीही जागवणारे दुखणे वेगळे. ते हाडाला गेलेल्या केसाएवढ्या तड्याचे असू शकते. असा तडा सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतही नाही. त्यावर वेदनाशामक गोळी देऊन मुलीला शर्यतीत उतरवणे म्हणजे धोक्याची घंटा काढून ठेवण्यासारखे आहे. आपल्या स्वतःच्या संधिवाताच्या गोळ्यांतील एक तर कृपया नातीला देऊच नका. असे घडते, म्हणून लिहिते.

गुरुजींची नात रविवारी धावली नाही. त्या दिवशी माझ्या दवाखान्यातून बाहेर पडताना ती रडत होती आणि गुरुजी माझ्यावर नाराज होते. अस्थिरोगतज्ज्ञांकडे एमआरआय झाला, तडा नुकताच पडू लागला होता. हिमोग्लोबिन साडेनऊ निघाले. थायरॉईड व्यवस्थित होते. दोन महिने धावणे बंद, आहारतज्ज्ञांचा सल्ला, लोहाच्या गोळ्या, आणि मधल्या काळात पोहणे. तालुक्याच्या तलावावर तिला सोडायला रोज गुरुजीच जात.

दिवाळीनंतर तिघे पुन्हा आले. गुरुजींच्या एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे पुस्तक आता नात वाचून दाखवीत होती. मेरी कोम संपवून दोघे सानियापर्यंत पोहोचले होते. पुस्तकात निळ्या रेघा दिसल्या. मी विचारले, तर ती म्हणाली, “तांबडी आजोबांची, निळी माझी. जिथं ती थांबली, तिथं निळी.” गुरुजी खिडकीबाहेर पाहत होते, पण त्यांना ऐकू आले होते.

“पळायला कधी सुरुवात करू?” तिने विचारले. मी सांगितले की, तज्ज्ञांनी होकार दिला आहे, तेव्हा आधी चालणे, मग चालता-चालता थोडे पळणे, आणि हाडावर पुन्हा त्याच जागी दुखले तर त्याच दिवशी थांबणे. पाळीचे विचारले, तेव्हा याही वेळी उत्तर आजींनीच दिले. “आली, गेल्या महिन्यात आणि याही महिन्यात. मी कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी तारीख लिहून ठेवते आता.”